वरून ठणठणीत, आतून पापुद्रा सुटलेला: विमानाची ‘नाडी’ पाहणाऱ्या लहरींची गोष्ट

मुंबईहून जेद्दाह, दोहा, दुबई, रियाधला जाणारं विमान आता आपल्या घराघरांत ओळखीचं झालंय. कुणाचा भाऊ तिकडे नोकरीला, कुणाची अम्मी उमऱ्याला, कुणाची खाला वर्षातून एकदा नातवंडांना भेटायला. सोडायला गेलेलं माणूस मनातल्या मनात दुआ करतं आणि टॅक्सी पकडून परत फिरतं. ते विमान कशाचं बनलंय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बहुतेकांच्या डोक्यात उत्तर ठरलेलं असतं: ॲल्युमिनियमचं.

हे उत्तर आता अर्धंच खरं राहिलंय. बोईंग ७८७, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात, त्याच्या रचनेच्या वजनातला जवळपास ५० टक्के भाग कंपोझिटचा असतो. एअरबस ए३५० मध्ये हेच प्रमाण सुमारे ५३ टक्के. ७८७ प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडालं २०११ मध्ये, जपानमध्ये. ए३५० चं पहिलं गिऱ्हाईक होतं कतार एअरवेज. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या ताब्यात पहिलं विमान आलं आणि जानेवारी २०१५ मध्ये ते दोहा–फ्रँकफर्ट मार्गावर लागलं. म्हणजे आखातात ये-जा करणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी या नव्या पदार्थाच्या पोटात बसून प्रवास केलाय, कदाचित त्यांना माहीतही नसेल.

कंपोझिट म्हणजे काय? दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र बांधून तयार केलेली तिसरी वस्तू. मातीच्या घराच्या भिंतीत भुसा कालवायचे, तीच अक्कल. माती एकटी तडकते, भुसा तिला धरून ठेवतो. विमानात भुशाच्या जागी कार्बनचे धागे असतात, एकेक धागा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. मातीच्या जागी असतं इपॉक्सी नावाचं रेझिन. या धाग्यांचे पातळ थर, पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचे, एकावर एक रचतात. एका थरातले धागे सरळ, दुसऱ्यातले आडवे, तिसऱ्यातले तिरके. मग मोठ्या बंद भट्टीत दाब आणि उष्णता देऊन सगळं एकजीव करतात. तयार झालेला तुकडा ॲल्युमिनियमपेक्षा हलका, गंज न लागणारा आणि धाग्यांच्या दिशेने जबरदस्त मजबूत.

पण थर म्हटले की पापुद्रा आलाच. ज्यांच्या घरी प्लायवूडचं कपाट आहे आणि ज्यांनी कोकणातला पावसाळा पाहिलाय, त्यांना हे सांगायला नको. वरून सनमायका चकाचक, आणि आत थर एकमेकांना सोडून बसलेले.

धातू पोचा दाखवतो, कंपोझिट लपवतं

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पाना पडला तर पोचा येतो. पोचा दिसतो, म्हणून मेकॅनिक थांबतो, मोजतो, दुरुस्त करतो. धातूत पडणारी चीर सुद्धा बहुतेक वेळा पृष्ठभागावर किंवा रिव्हेटच्या भोकापाशी सुरू होते आणि ती किती वेगाने वाढेल याचा हिशेब कित्येक दशकांच्या अनुभवातून पक्का झालाय.

कार्बन फायबरवर तोच पाना पडला तर पृष्ठभाग किंचित दबतो आणि स्प्रिंगसारखा परत वर येतो. बाहेर जेमतेम एखादा ठिपका उरतो, कधी तोही नाही. आत मात्र धक्क्याची लाट थरांमधून गेलेली असते. रेझिनला बारीक तडे जातात, थर एकमेकांपासून सुटतात, आणि हे नुकसान खोल जाईल तसं पसरट होत जातं, उलट्या ठेवलेल्या कपासारखं. वर लहान, खाली मोठं. इंजिनिअर लोक याला ‘जेमतेम दिसणारं आघाताचं नुकसान’ म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अचूक आहे.

सुटलेल्या पापुद्र्याचा खरा धोका ताणाखाली नसतो, दाबाखाली असतो. पत्त्यांचा कॅट घट्ट धरून दोन्ही टोकांनी दाबा, तो तग धरतो. पत्ते सैल करा आणि दाबा, एकेक पत्ता बाहेर वाकतो. विमानाच्या पंखाचा वरचा पत्रा उडताना सतत दाबाखाली असतो. आत थर सुटलेले असतील तर त्याची दाब सोसायची ताकद बरीच घटते.

घाबरून जायचं कारण नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. विमान बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. न दिसणारं नुकसान झालेलंच आहे असं धरून भाग जाड ठेवतात, म्हणजे ठरलेलं ओझं तो भाग तरीही पेलेल. पण याचा अर्थ असाही होतो की ज्या हलकेपणासाठी कार्बन आणला, त्यातला काही हिस्सा आपण ‘आत काय चाललंय ते दिसत नाही’ या एका कारणापायी परत देऊन टाकतो.

जाता जाता कतारचा एक किस्सा. कार्बन फायबर ॲल्युमिनियमसारखी वीज वाहून नेत नाही, म्हणून वीज पडली तर ती पसरून जावी यासाठी रंगाखाली तांब्याची बारीक जाळी घालतात. कतार एअरवेजच्या काही ए३५० विमानांवरचा रंग तडकला आणि खालची जाळी उघडी दिसू लागली. कतारच्या नियामकाने वीसहून जास्त विमानं जमिनीवर बसवली. एअरबसचं म्हणणं होतं की हा पृष्ठभागाचा दोष आहे, उडण्याच्या सुरक्षेचा नाही, आणि युरोपच्या नियामकानेही सुरक्षेचा प्रश्न दिसत नाही असंच म्हटलं. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली. जे डोळ्याला भयंकर दिसत होतं त्यावर दोन वर्षं भांडण झालं. जे दिसतच नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे.

क्युबाच्या आकाशात तुटलेला रडर

६ मार्च २००५. क्युबातल्या व्हाराडेरोहून कॅनडातल्या क्यूबेक शहराकडे निघालेलं एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३१०. आत २७० च्या आसपास माणसं. उंचीवर पोहोचल्यावर एक मोठा आवाज झाला, विमान थरथरलं आणि डावीकडे-उजवीकडे डोलू लागलं. वैमानिकांनी विमान खाली आणलं, व्हाराडेरोला परत वळवलं आणि सुखरूप उतरवलं. उतरल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर शेपटीवरचा रडर, म्हणजे विमानाला डावं-उजवं वळवणारा उभा पंखा, जवळजवळ पूर्ण गायब होता! हवेत असताना कॉकपिटमध्ये याची खबर देणारं एकही उपकरण नव्हतं.

हा रडर कंपोझिटचा होता. दोन पातळ पत्रे आणि मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, अशी सँडविच रचना. कॅनडाच्या तपास मंडळाने निष्कर्ष काढला की उड्डाणाआधीच रडरमध्ये पत्रा जाळीपासून सुटलेला होता किंवा जाळीतच तडा होता. ते नुकसान हवेत वाढत गेलं. तपासणीची जी पद्धत कंपनीने ठरवून दिली होती ती असे सगळे दोष पकडायला पुरेशी नव्हती, आणि दोष कदाचित कित्येक उड्डाणं तसाच प्रवास करत होता, हेही मंडळाने स्पष्ट लिहिलं.

तपासणीची ती पद्धत कोणती होती? डोळ्यांनी पाहणं, आणि टिचकी मारून ऐकणं.

हसू नका. कुंभाराकडून माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, चांगला माठ टणटण वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. रमजानमध्ये कलिंगडाच्या गाडीवर अब्बा हेच करतात. कोकणातल्या बंदरांवर फायबरच्या होड्यांच्या बुडाला हातोडी टेकवून ऐकणारे कारागीर आहेत, त्यांचा कान पक्का असतो. विमानातही हीच पद्धत आजसुद्धा वापरात आहे आणि ती वाईट नाही. फक्त तिला मर्यादा आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एका मालवाहू एअरबसच्या रडरमध्ये आतल्या बाजूचा पत्रा जाळीपासून सुटलेला सापडला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तेव्हा दाखवून दिलं की बाहेरून टिचकी मारून आतल्या पत्र्याचा दोष कळण्याची शक्यता फार कमी. मधली जाळी आवाज गिळते.

टिचकीच्या पुढची पायरी म्हणजे अल्ट्रासाउंड. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच, वर जेल किंवा पाणी लावून प्रोब फिरवायचा. दोष अगदी नेमका दिसतो. पण प्रोब जिथे टेकवाल तेवढीच जागा दिसते. आख्खा पंख असा तपासायचा म्हणजे विमान हँगरमध्ये उभं करा, झाकणं उघडा, शिडी लावा आणि वीतवीत पुढे सरका. तोपर्यंत विमान कमाई करत नाही. म्हणून ही तपासणी ठरलेल्या मुदतीने होते, आणि दोन मुदतींच्या मध्ये जे घडतं ते घडतं.

गोल घुमटातली कुजबुज

विजापूरचा गोल घुमट आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो, शाळेच्या सहलीत तरी. मुहम्मद आदिलशहाच्या या मकबऱ्याच्या आतल्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं की समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ते स्वच्छ ऐकू येतं. एरवी तेवढ्या अंतरावर कुजबुज विरून जायला हवी. ती विरत नाही, कारण आवाज चहूकडे पसरण्याऐवजी भिंतीला चिकटून, तिच्या वळणावरून जातो. भिंत त्याला वाट देते.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही असाच सज्जा आहे आणि त्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी सोडवलं. याच रॅले यांनी १८८५ मध्ये दाखवून दिलं होतं की घन पदार्थाच्या पृष्ठभागाला धरून धावणारी एक खास लहर असते. भूकंपात जमीन हलते तेव्हा तीही त्यात असते. पुढे १९१७ मध्ये मँचेस्टरचे गणितज्ञ होरेस लॅम्ब यांनी प्रश्न विचारला: पृष्ठभाग एक नसून दोन असतील तर? म्हणजे पातळ पत्रा असेल तर? उत्तर असं आलं की लहर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या मध्ये अडकते, दोघांवर आपटत आपटत पुढे सरकते आणि पत्र्याच्या कडेपर्यंत जाते. अशा वाट धरून जाणाऱ्या लहरींना गाइडेड वेव्ह म्हणतात, आणि पत्र्यातल्या लहरींना लॅम्ब वेव्ह. लॅम्ब यांच्यासाठी हा कागदावरचा गणिती प्रश्न होता. पत्रे तपासायला या लहरी वापरायची कल्पना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आली.

पत्र्यात या लहरींच्या मुख्य दोन चाली असतात. एकीत दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी बाहेर फुगतात आणि एकाच वेळी आत येतात. दुसरीत अख्खा पत्रा वर-खाली लचकतो, अंगणात सतरंजी झटकावी तसा. पहिली चाल वेगवान, दुसरी हळू. सुटलेल्या पापुद्र्यासाठी ही दुसरी, सतरंजीवाली चाल फार कामाची, कारण पापुद्रा सुटला की त्या जागी पत्रा एकदम दोन पातळ पत्र्यांसारखा वागू लागतो. लहरीचा वेग बदलतो, काही भाग उलटा परावर्तित होतो, काही आजूबाजूला विखुरतो.

आता ही लहर निर्माण कशी करायची? स्वयंपाकघरातला टकटक करणारा गॅस लायटर आठवा. त्यात ना बॅटरी ना सेल, तरी ठिणगी पडते. आत पिझोइलेक्ट्रिक पदार्थ असतो, त्याला ठोकलं की वीज तयार होते. हा गुण १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी शोधला. याच्या उलटंही होतं: वीज दिली की तो पदार्थ आकसतो-पसरतो. अशाच सिरॅमिकची एक पातळ चकती, साधारण शर्टाच्या बटणाएवढी, कंपोझिटच्या अंगावर चिकटवायची. तिला विजेचा छोटा झटका दिला की ती पत्र्यात लहर सोडते. बाजूची दुसरी चकती ती लहर ऐकते. तीच चकती बोलकी आणि तीच ऐकणारीही, नुसती पाळी बदलायची.

कंपनं सेकंदाला साधारण ५० हजार ते ५ लाख. माणसाचा कान २० हजारांपर्यंतच ऐकतो, म्हणजे हा सगळा संवाद आपल्याला मुका.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवतो. दोन चकत्या एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. लहरीचा वेग सेकंदाला १५०० मीटर, म्हणजे एका मायक्रोसेकंदात दीड मिलिमीटर. थेट लहर २०० मायक्रोसेकंदांत पोहोचेल. पत्रा नवा कोरा असताना आलेला सिग्नल आपण जपून ठेवला. सहा महिन्यांनी तोच प्रयोग केला आणि नव्यातून जुना वजा केला. काही बदललं नसेल तर उरायला हवी शांतता. पण समजा २६० मायक्रोसेकंदांवर एक लहानसा उंचवटा उरला. म्हणजे एक लहर ३० ऐवजी ३९ सेंटिमीटर चालून आली, वाटेत कशाला तरी आपटून. ते ‘काहीतरी’ कुठे आहे? ३९ सेंटिमीटरचा दोरा घ्या, दोन्ही टोकं दोन्ही चकत्यांच्या जागी टाचणीने टोचा, पेन्सिलीने दोरा ताणून फिरवा. जे लंबवर्तुळ उमटेल, त्यावर कुठेतरी दोष आहे. एका जोडीने नेमकी जागा कळत नाही. पण ८ चकत्या असतील तर २८ जोड्या होतात, आणि २८ लंबवर्तुळं जिथे एकमेकांना कापतात तिथे बोट ठेवता येतं. झाकण उघडावं लागत नाही, शिडी लागत नाही, विमान गेटवर उभं असतानाही हे होऊ शकतं.

मला यातली वजाबाकी सगळ्यात आवडते. यंत्राला दोष म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं की काल असं नव्हतं. जुना हकीम रोजच्या माणसाची नाडी धरून सांगायचा ना, आज काही बिनसलंय, तसंच.

मग हे सगळीकडे का नाही?

कारण ‘काल असं नव्हतं’ याची कारणं शंभर असतात, आणि त्यातलं एकच दोष असतं.

सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तापमान. दोह्याच्या उन्हात विमानतळावर उभं असलेलं विमान आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उणे ५० अंशांत उडणारं विमान, दोन्ही तेच. पण पदार्थ तापला की थोडा मऊ होतो, लहरीचा वेग बदलतो, चकतीचा आणि गोंदाचा स्वभावही बदलतो. काही अंशांच्या फरकानेही वजाबाकीत एवढा गोंगाट उरतो की खरा दोष त्यात बुडून जावा. यावर उपाय आहेत. वेगवेगळ्या तापमानांचे जुने सिग्नल साठवून त्यातला जवळचा निवडायचा, किंवा सिग्नल गणिताने ताणून-आकसून जुळवायचा. प्रयोगशाळेत हे छान चालतं. पण ओलावा, इंधनाचं ओझं, कंपनं हे सगळं एकत्र आलं की काम अवघड होतं.

दुसरी अडचण खुद्द कंपोझिटची. धातूत लहर सगळ्या दिशांना सारख्या वेगाने जाते. इथे धाग्यांच्या दिशेने वेगळी, आडवी गेली तर वेगळी. वर काढलेलं सुबक लंबवर्तुळ मग लंबवर्तुळ राहत नाही, वेडंवाकडं होतं. शिवाय रेझिन लहरीची ताकद शोषून घेतं, म्हणून चकत्या जवळजवळ लावाव्या लागतात. खऱ्या पंखात पट्ट्या, भोकं, बोल्ट, जाडीतले बदल असतात आणि प्रत्येक ठिकाणी लहर परावर्तित होते. सपाट चौकोनी तुकड्यावर केलेले सुंदर प्रयोग इथे येऊन अडखळतात. शोधनिबंधांमध्ये सपाट तुकडे जरा जास्तच आहेत, असं माझं प्रामाणिक मत.

तिसरं म्हणजे तडजोड. सेकंदाला एक लाख कंपनं आणि १५०० मीटरचा वेग धरला तर लहरीची लांबी दीड सेंटिमीटर येते. त्याहून फारच लहान दोष ती सहज ओलांडून जाते. कंपनं वाढवली तर लहान दोष दिसतो, पण लहर लवकर दमते.

आणि चकतीच सुटली तर? चिकटवलेली वस्तू, वर्षानुवर्षं, थंडी-ऊन खात. म्हणून आधी चकतीची तब्येत तपासावी लागते. डॉक्टरची नाडी आधी बघायची, मग रुग्णाची.

यामुळे आज प्रवासी विमानांत या लहरींचं जाळं सर्रास बसवलेलं नाही. २०१३ मध्ये विमान उद्योगाने अशा यंत्रणांसाठी मार्गदर्शक नियमावली काढली, चाचणी विमानांवर आणि ठराविक जागांवर प्रयोग होत आहेत. पण नियामकाला सिद्ध करून दाखवावं लागतं की यंत्रणा किती आकाराचा दोष किती खात्रीने पकडते आणि किती वेळा उगाच ओरडते. उगाच ओरडणारी यंत्रणा लोक बंद करून ठेवतात, हा अनुभव सगळ्या जगाचा.

टायटन: यंत्र बोललं होतं

१८ जून २०२३ ला ‘टायटन’ ही पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना उत्तर अटलांटिकमध्ये चिरडली गेली. पाच जण गेले. त्यात पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान होते. बाप-लेकाची ती बातमी आपल्याकडच्या घरांतही कित्येक दिवस बोलली जात होती.

टायटनचा मुख्य नळकांडा कार्बन फायबरचा होता, सुमारे पाच इंच जाडीचा. आणि त्यावर तब्येत पाहणारी यंत्रणा होती! ती गाइडेड वेव्हसारखी स्वतः लहर सोडणारी नव्हती, ती नुसती ऐकणारी होती. आत धागा तुटला, थर सुटला की जो बारीक ‘टक’ होतो तो पकडणारे सेन्सर, आणि पृष्ठभाग किती ताणला-दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या. कंपनी याचा सुरक्षेची हमी म्हणून गवगवा करत असे.

जुलै २०२२ मध्ये ८०व्या बुडीनंतर वर येताना मोठा धमाका ऐकू आला. तपासात पुढे आलं की त्यानंतर पट्ट्यांची मोजमापं बदलली होती, नळकांडा आधीसारखा वागत नव्हता. म्हणजे ती वजाबाकी उत्तर देत होती. नीट चौकशी झाली नाही. तो हिवाळा टायटन कॅनडात उघड्यावर, थंडीत पडून राहिली. पुढच्या वर्षी ती पुन्हा पाण्यात गेली. उरलेल्या तुकड्यांच्या तपासणीत थरांमध्ये सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने अहवालात म्हटलं की ही दुर्घटना टाळता आली असती.

मंडळाने ठपका सेन्सरवर नाही, ती यंत्रणा हाताशी असूनही जे करायला हवं होतं ते न करणाऱ्या कंपनीवर ठेवला. तांत्रिक माणूस म्हणून मी एवढंच जोडेन: नुसतं ऐकणाऱ्या यंत्रणेला धमाका होईपर्यंत थांबावं लागतं. बुडीआधी, किनाऱ्यावर, शांतपणे ‘आत काय आहे?’ असं विचारायचं तर लहर आपणच सोडावी लागते. आणि पाच इंच जाडीच्या भिंतीत पत्र्यासारख्या लॅम्ब लहरी सरळ चालत नाहीत. तिथे थेट जाडीतून अल्ट्रासाउंड टाकून तपासणं हाच मार्ग.

आपल्या ओळखीच्या ठिकाणी

विमानात मंद गतीने येणारी ही विद्या तेलाच्या पाइपलाइनवर मात्र केव्हाच रुळली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये झालेल्या कामातून १९९० च्या दशकाच्या शेवटी अशी कडी आली की ती पाइपभोवती बसवली, लहर सोडली, आणि दोन्ही बाजूंना कित्येक मीटरपर्यंतचा गंज एका जागेवरून कळला. वरचं इन्शुलेशन सगळं सोलायची गरज नाही, फक्त कडी बसवायला जागा हवी. जुबैल, रास लफ्फान, रुवैसच्या रिफायनऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या भावंडांपैकी काहींनी ही कडी हाताळलेली असेल. पाइप स्टीलचा असतो, सरळ असतो, म्हणून तिथे लहर लांब जाते.

महाराष्ट्रात साताऱ्याच्या पठारांवर आणि धुळ्याच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचेच्या धाग्यांच्या कंपोझिटची असतात. आत जोड गोंदाने चिकटवलेले. वीज पडते, कडेचा जोड सुटतो, आणि तपासणीसाठी माणसाला दोराने लटकावं लागतं. या पात्यांसाठी लहरींच्या यंत्रणेवर जगभर काम चाललंय. आपल्या देशात तेजस लढाऊ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या एचएएल कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस उडालं. आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा या संस्थांत यावर संशोधन होतं.

शेवटचा मुद्दा ज्यांच्या घरात बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं-मुली आहेत त्यांच्यासाठी. वस्तू न तोडता तपासायच्या या विद्येला एनडीटी म्हणतात आणि आखातातल्या नोकरीसाठी तिचे क्लास मुंबई-ठाण्यात जागोजागी आहेत. ‘पंधरा दिवसांत लेव्हल टू, थेट गल्फ’ असे फलक लागतात. जो अमेरिकन नमुना इथे सर्वात जास्त चालतो त्यात लेव्हल वन आणि टू चं प्रमाणपत्र कंपनी, म्हणजे तुम्हाला कामावर ठेवणारा मालक देतो, आणि त्यासाठी प्रशिक्षणाच्या तासांबरोबर प्रत्यक्ष कामाचे शेकडो तास नोंदलेले असावे लागतात. क्लासचा कागद म्हणजे फक्त प्रशिक्षण झाल्याची पावती. आयएसओ ९७१२ या पद्धतीत त्रयस्थ संस्था परीक्षा घेते, तिथेही अनुभव मागतातच. विमान क्षेत्रात नियम आणखी वेगळे आहेत.

पैसे भरण्याआधी क्लासवाल्याला तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्रावर सही करणारा लेव्हल थ्री कोण आणि त्याचा नंबर तपासता येतो का, मशीनवर हात बसवायला प्रत्येकाला किती तास मिळणार, आणि कामाचा अनुभव कोणत्या कंपनीच्या कागदावर नोंदला जाणार. चेन्नईत मुख्यालय असलेल्या इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग या संस्थेच्या शाखा मोठ्या शहरांत आहेत, खातरजमा तिथे करता येते. गाइडेड वेव्ह हा पहिल्या वर्षी शिकायचा विषय नाही. आधी साधं अल्ट्रासाउंड पक्कं करा. आणि गणित-फिजिक्सची आवड असलेल्या मुलीने इंजिनिअरिंगला सिग्नल प्रोसेसिंग घेतलं तर तिला या कामासाठी शिडीवर चढावंच लागेल असंही नाही, कारण वजाबाकीनंतरचा सगळा खेळ संगणकावर होतो.